पोथीखालचा फोन

भाईंदरजवळ, मोरव्याच्या आमच्या देवळात श्रावणात पोथी बसते. एकजण वाचतो आणि एकजण अर्थ सांगतो. वाचणारा एक ओवी चालीवर म्हणतो आणि थांबतो, मग अर्थ सांगणारा ती सोडवून दाखवतो, मग वाचणारा पुढची उचलतो. महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते सात. गेली अठ्ठावीस वर्षं आमच्याकडे वाचणारा गोपीनाथ आहे आणि अर्थ सांगणारा मी. मी म्हणजे हरिश्चंद्र, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आमच्या दोघांत अवघड काम माझं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ओवी काय, समोर छापलेली असते. अर्थ कुठे छापलेला असतो?

पण लोक येतात ते गोपीनाथचा आवाज ऐकायला. हे मला अठ्ठावीस वर्षं खुपतं आहे. खाडीत होडी घालणारा, सातवीत शाळा सोडलेला माणूस; पण त्याने ओवी उचलली की देवळाबाहेर चपलांपाशी गप्पा मारणारी माणसंही आत येऊन बसतात. मी अर्थ सांगू लागलो की त्यांतलीच निम्मी मोबाईल काढून वेळ बघतात. मी वर्गात असतो तर एकेकाला बाकावर उभं केलं असतं.

तर हा गोपीनाथ गेल्या दिवाळीत आजारी पडला. मानेला लिंबाएवढी गाठ आली. तपासण्या झाल्या, गाठीचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, हा खोकल्यातून पसरणारा नाही, घाबरू नका, पण नऊ महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. गोपीनाथने एकही चुकवली नाही. होळीपर्यंत गाठ बसली, अंगावर मांस आलं, दुर्गावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, देवीची ओटीही भरली. सगळं मार्गी लागलं असं आम्ही धरून चाललो होतो.

चैत्रात एक दिवस तो माझ्या घरी आला, खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "हरी, तुझ्या घड्यालाचे काटे कुठं गेले?"

घड्याळाला काटे होते. मी हसलो. तो हसला नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो बोलतो आहे माझ्याशी, पण बघतो आहे माझ्या कानाकडे. सरळ बघितलं की मधोमध धूर दिसतो, म्हणाला, जरा बाजूला बघितलं की माणूस कडेकडेने दिसतो. पंधरा दिवस होत होतं असं. चष्मा बदलायला झाला असेल, या समजुतीने तो गप्प राहिला होता. मी त्याला त्या दिवशी इतका ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये डोळ्यांचे एक डॉक्टर बसतात. गोपीनाथची मुलगी रीमा त्याला तिकडे घेऊन गेली, मीही गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं. टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी काही जणांच्या डोळ्यांच्या नसेला सोसत नाही. ती त्याच दिवसापासून बंद. बाकीच्या चालू. नजर परत येईल का, असं रीमाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांची येते, काही महिने लागतात. काहींची नाही येत. नस किती दमली आहे ते आत्ताच नाही सांगता येणार."

मला त्यातलं 'बऱ्याच जणांची' ऐकू आलं. गोपीनाथला 'काहींची' ऐकू आलं.

रीमा भाईंदर पूर्वेला एका ऑफिसात काम करते. पोरगी बापासारखीच हट्टी. तिने रडत बसण्याऐवजी बापाचा मोबाईल हातात घेतला आणि त्यात एकेक ॲप घालायला सुरुवात केली. एक ॲप छापलेलं काहीही वाचून दाखवायचं. एक अक्षरं भिंगासारखी मोठी करायचं. एक असं, की फोन धरला की समोर काय आहे ते सांगायचं. आणि फोन स्वतःच बोलायला लागला. बोट फिरवावं तिथे एक बाई सांगायची, हे घड्याळ, हा कॅमेरा, हा रीमाचा मेसेज. त्या बाईचं नाव आमच्यात 'फोनवाली' पडलं.

पहिले आठ दिवस गोपीनाथ त्या फोनवालीशी भांडला. दुर्गावहिनींनी सुपात मांदेली आणून ठेवली, तर याने मुद्दाम वर फोन धरला. फोनवाली म्हणाली, "समोर काही लहान मासे आहेत."

"कनचे?" गोपीनाथने विचारलं.

ते तिला माहीत नव्हतं. त्याने नुसता वास घेतला. "मांदेली हाय. हिला एवढा पन कलत न्हाय, आणि ही मना दुनिया दाखवनार."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन माझ्यासमोर धरला. फोनवाली म्हणाली, "समोर एक वयस्कर गृहस्थ बसले आहेत. ते रागावलेले दिसतात."

"बरोबर हाय," गोपीनाथ म्हणाला. "हरीच हाय."

तिथून त्यांची दिलजमाई झाली. गोळीच्या पाकिटावरचं नाव फोनवालीकडून वाचून घेतल्याशिवाय तो गोळी तोंडात टाकेनासा झाला. दुकानात जाऊन बिस्किटाच्या पुड्याची तारीख विचारू लागला. रीमाने सगळ्या नातेवाइकांना ताकीद दिली की मेसेज देवनागरीत करा. कारण इंग्रजी अक्षरांतलं मराठी फोनवाली असं वाचायची की तोंडात गरम बटाटा घेऊन कोणी बोलतंय असं वाटायचं. दुर्गावहिनी म्हणायच्या, "माजा एक सबूद ऐकत न्हाय, आणि तिचा सगला ऐकतो." पण हे म्हणताना त्या हसायच्या, आणि त्या घरात हसू ऐकू येणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

आषाढात देवळात मंडळाची बैठक बसली. गुणवंतशेठ आमचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण नेमाचा फार पक्का. देवळातली समई एक वीत डावीकडे सरकली तरी त्यांना झोप लागत नाही. ते म्हणाले, "गोपीनाथच्या डोल्यांचं ऐकलं. वाईट झाला. पन यंदा काय करायचा? ज्यानं पोथी उघडली त्यानंच ती समाप्तीला मिटायची, हा आपला नेम हाय. मधीच अडकला तर? त्यापेक्षा स्पीकर लावू. मोबाईलवर तयार पोथी मिलते, अर्थासकट."

अर्थासकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काही बोलायच्या आत गोपीनाथ उठला. तो म्हणाला, "मना दिसतो आता. मीच वाचनार."

दिसत नव्हतं. त्याला तेव्हा पोथीवरचं अक्षर सोडा, पोथीचं पान आणि खालचं कापड यांतली कडही धड दिसत नव्हती. मला ते ठाऊक होतं. बैठकीतल्या कोणाला नव्हतं. गुणवंतशेठ माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी रोज भेटता त्याला. काय म्हनता?"

उभ्या आयुष्यात पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेला मी म्हणालो, "वाचेल तो."

का म्हणालो? आमच्याकडे आसन एकदा दुसऱ्याला गेलं की परत मागायचं नसतं. ते गोपीनाथच्या बापाचं आसन होतं. होडी त्याने दोन वर्षांपूर्वीच विकली होती. डोळे असे झालेले. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं ते एक आसन उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही स्पीकरशेजारी बसून उरलेला जन्म काढायचा नव्हता. मला त्याच्याशिवाय कोणाच्याही ओवीचा अर्थ सांगायचा नव्हता. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

देवळाबाहेर आल्यावर मात्र मी त्याला झापलं. "आता काय करणार आहेस? पाठ आहे का तुला सगळी पोथी?"

"अर्धी हाय," तो म्हणाला. "बाकीची फोनवाली सांगंल."

कल्पना त्याची आणि मेहनत आमची. रीमाने पोथीच्या एकेका पानाचा फोटो काढला. वाचणाऱ्या ॲपने त्याची अक्षरं केली, पण काय अक्षरं! जुना ठसठशीत टाइप, शब्दाला शब्द चिकटलेले. ॲप कुठेही तोडायचं आणि कुठेही जोडायचं. ओवीच्या शेवटचा आकडा फोनवाली इमानदारीने म्हणायची. म्हणजे राजा रडतो आहे, राणी मूर्च्छित पडली आहे आणि मागोमाग 'सत्तेचाळीस'. अकरा दिवस रीमा ऑफिसातून आली की आम्ही दोघं बसून एकेक ओवी दुरुस्त करायचो. मी पोथी धरून सांगायचो, ती टाइप करायची. प्रत्येक ओवी वेगळ्या ओळीवर. अंगठा एकदा पुढे सरकवला की फोनवाली एक ओवी म्हणणार आणि गप्प बसणार. पुन्हा सरकवला की पुढची. मी अर्थ सांगत असेन तेवढा वेळ ती बिचारी थांबून राहणार. अठ्ठावीस वर्षांत एवढ्या आदराने माझं कोणी ऐकलं नव्हतं.

मग सराव. गोपीनाथ डाव्या कानात फोनचं ते बिनवायरीचं छोटं बोंडुक घालायचा आणि वरून उपरणं घ्यायचा. पोथी चौरंगावर लाल कापडात, त्या कापडाच्या घडीत पोथीखाली फोन, आणि उजवा अंगठा घडीच्या आत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोथी धरून बसला आहे. पान उलटायची वेळ झाली की मी खोकायचं, असं ठरलं. फोनवाली सपाट आवाजात सांगायची आणि एका श्वासाच्या अंतराने गोपीनाथ ते चालीवर उचलायचा. आठवड्याभरात ते अंतरही गेलं. कानातून आलं की गळ्यातून बाहेर. मधे डोक्याला काही कामच उरलं नाही. मी त्याला म्हणालोही, "तुझ्या डोक्याला तशीही सवय नव्हतीच कामाची."

प्रतिपदेला पोथी उघडली. अगदी पुढे, हातभर अंतरावर, हौसामावशी बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, कान तिखट, प्रत्येक ओवीचा अर्थ पदरात पाडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या. त्यांच्या मागे गुणवंतशेठ. गोपीनाथने डोळे पोथीवर लावले, जिथे त्याला नुसता धूर दिसत होता, आणि पहिली ओवी उचलली.

काय सांगू! इतकी वर्षं त्याचं अर्धं लक्ष अक्षरांत अडकलेलं असायचं. आता ते मोकळं झालं होतं. आवाज असा लागला की माझाही अर्थ दोन वाक्यं लहान झाला. बाहेरची माणसं आत आली. सातला गुणवंतशेठ जवळ येऊन म्हणाले, "डोले चांगलेच सुधारले तुजे." गोपीनाथ 'व्हय' म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत माझा दंड त्याने इतका घट्ट धरला की वळ उठला.

रोज संध्याकाळी पाचाच्या आत रीमा ऑफिसातून धावतपळत यायची, कारण फोन गप्प करायचा असायचा. म्हणजे ओव्या सोडून फोनवालीने दुसरं काही बोलू नये, कोणाचा फोन नाही, मेसेज नाही. त्यासाठी फोनमध्ये एक चंद्राचं चिन्ह आहे. ते दाबलं की झालं. अशी एकवीस दिवस गाडी बिनबोभाट चालली. पानं वेळेवर उलटली. मला मात्र खोकल्याचं औषध घ्या म्हणून चार जणांनी सांगितलं.

अठराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी गोपीनाथची तपासणी केली होती. डोक्याला वायरी चिकटवून त्याला पडद्यावर उलटसुलट होणारे काळेपांढरे चौकोन बघायला बसवलं. डोळ्याची नस मेंदूपर्यंत खबर पोचवते की नाही, ते त्यात कळतं. रिपोर्ट चार दिवसांनी, आणि डॉक्टर भेटणार संध्याकाळी पाच ते सहा. म्हणजे नेमकी पोथीची वेळ. गोपीनाथ रीमाला म्हणाला, "तू एकटी जा. चांगला असंल तर सांग. वाईट असंल तर समाप्ती झाल्यावर सांग."

त्या बाविसाव्या दिवशी रीमा मीरा रोडला गेली आणि चंद्राचं काम माझ्याकडे आलं. तिने दोनदा समजावलं होतं. "काका, वरून बोट खाली ओढायचं, चंद्र दाबायचा. बस्स." मी तसंच केलं. चंद्र दाबला. पण आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस मी. एकदा तपासलेलं पुन्हा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. नीट दाबला गेला की नाही या शंकेने मी तो पुन्हा एकदा दाबला. एकदा दाबला की फोन गप्प होतो आणि दुसऱ्यांदा दाबला की पुन्हा बोलायला लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी समाधानाने फोन लाल कापडात ठेवला.

पोथी रंगात आली होती. राजा वनवासातून परत येतो आहे आणि नगरीच्या वेशीवर उभा आहे. साडेपाच झाले असतील. गोपीनाथने ओवी उचलली, राजाने वेशीकडे पाहिलं इथवर आला आणि त्याच चालीत पुढे म्हणाला, "रीमा, नंबर लागला, आत जाते आहे."

मी दचकलो. गोपीनाथही दचकला. पण त्याचा सूर इतका गोड लागला होता की बऱ्याच जणांनी मान डोलावली. हौसामावशींनी मात्र कान टवकारले. "हरिश्चंद्रा, नंबर म्हंजे?"

"म्हणजे पाळी," मी घाईघाईने म्हणालो. "राजाची आत जायची पाळी आली. वेशीवर पहारेकरी असतात, एकेकाला आत सोडतात." मग मी पहारेकऱ्यांबद्दल दहा मिनिटं बोललो. पोथीत पहारेकरी नव्हतेच. बोलता बोलता गोपीनाथच्या मांडीला चिमटा काढून कापडाकडे खूण केली. पण त्याला माझी खूण कशी दिसणार? आणि भर सभेत पोथी उचलून फोन बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. दुसरं काही येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटी पहारेकरी संपले. गोपीनाथने अंगठा सरकवला. एक ओवी नीट गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

चौथीला अंगठा सरकवायच्या आधीच त्याच्या तोंडून ओवी सुरू झाली.

"रीमा, बाबा, नस शाबूत आहे," गोपीनाथने चालीवर म्हटलं. शेवटचा शब्द नेहमीसारखा लांबवला. "नजर परत येणार."

त्याचा गळा पुढे चालला होता आणि तो स्वतः मागे राहिला होता. आपण काय म्हटलं ते त्याला तेव्हा समजलं. तोंड उघडंच राहिलं. कानातली फोनवाली पुढचं सांगत असावी, कारण त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग तो अगदी हळू, चाल सोडून, साध्या बोलण्यात म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बारीक अक्षरही दिसेल."

बायकांच्या बाजूला दुर्गावहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना सगळं कळलं होतं. बाकीच्या कोणाला काही कळलं नव्हतं. गुणवंतशेठ गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकले होते.

हौसामावशी म्हणाल्या, "हरिश्चंद्रा, अर्थ सांग."

मी पुन्हा पहारेकरी आणू शकलो असतो. नगरीत एखादा वैद्य घुसवू शकलो असतो. तेवढी माझी जीभ तयार आहे. पण शेजारी गोपीनाथच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं, आणि मला त्या क्षणी खोटं बोलता येईना. तो बरा होणार होता. चार महिने मी ज्या एका वाक्याची वाट बघत होतो ते त्याने मला चालीवर ऐकवलं होतं.

"याचा अर्थ असा," मी म्हणालो, "की आपल्या गोपीनाथला चैत्रापासून वाचता येत नाही. टीबीच्या गोळीने नजर गेली. बावीस दिवस त्याने पोथीतलं एक अक्षर बघितलेलं नाही. त्याच्या कानात फोन आहे. फोन ओवी सांगतो आणि हा म्हणतो. दिसतंय असं त्याने तुम्हाला खोटं सांगितलं आणि वाचेल असं मी खोटं सांगितलं. आणि आत्ता त्याच्या मुलीचा मेसेज आला की त्याची नजर परत येणार आहे. या ओवीत दुसरं काही नाही."

गुणवंतशेठ उठले. चेहरा लाल झालेला. "म्हंजे देवासमोर बावीस दिवस नाटक? पोथी वाचलीच न्हाय म्हना की! नेम मोडला. ऐकून म्हटलेली पोथी ही वाचलेली पोथी व्हते काय?"

गोपीनाथने कानातलं बोंडुक काढलं. पोथीखालून फोन काढून चौरंगाच्या कडेला ठेवला. मग दोन्ही हातांनी चाचपत पोथी पुढे सरकवली, ती परत देत असल्यासारखी. "चुकलो, शेठ," तो म्हणाला. "आसन मोकला करतंय."

तो उठायला लागला. मी त्याचा हात धरला, पण काय म्हणायचं ते मला सुचेना. मला, अर्थ सांगणाऱ्याला.

बोलल्या हौसामावशी. जागेवरून न उठता, मान वळवून म्हणाल्या, "गुनवंता, मना वाचता येतो काय?"

"न्हाय," गुणवंतशेठ म्हणाले. "त्याचा इथं काय?"

"साठ वरसं या जागेवर बसतंय. सगली पोथी मना येते. बोल, कुठली ओवी सांगू? त्यातला एक अक्सर मी डोल्यांनी बघितला न्हाय. कानानंच आली ती माज्याकडं. मग माजी पोथी झाली का न्हाय झाली? या बायका बसल्यात त्यातल्या निम्म्या अशाच हायत. आमचा सगल्यांचा नेम मोडला काय?"

गुणवंतशेठांनी बायकांच्या बाजूला बघितलं. बायकाही त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांची आईही तिथे, त्याच बाजूला, भिंतीला टेकून बसायची आणि तिला सही करता येत नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते खाली बसले.

"खोटा बोलायचा न्हवता," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "मना सांगितला असता तर मी काय न्हाय म्हनलो असतो?"

म्हणाले असते. पण ती वेळ ते उकरून काढायची नव्हती.

"बस खाली, गोपीनाथ," गुणवंतशेठ म्हणाले. "ज्यानं उघडली त्यानंच मिटायची. फोन तिथंच वर राहू दे, सगल्यांना दिसंल असा. लपवाछपवी नको."

मागून कोणीतरी म्हणालं, मग स्पीकरवरच लावा की, आम्हीही ऐकू फोनवालीला. हौसामावशींनी तिकडे असं बघितलं की तो पुढचं बोललाच नाही. "ती नको," त्या म्हणाल्या. "आमाला गोपी पायजे."

दुर्गावहिनी पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या पदराने नवऱ्याचा चेहरा पुसला. सगळ्या गावासमोर. एरवी त्या त्याच्याशी चारचौघांत बोलतसुद्धा नाहीत. गोपीनाथने कानात ते बोंडुक परत घातलं. फोन चाचपून शोधला, अंगठा ठेवला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, तोंड केलं.

"हरी, कुठं व्हतो आपन?"

"वेशीवर," मी म्हणालो.

त्याने ओवी उचलली. आवाज जरा कापत होता, पण तिसऱ्या शब्दाला सावरला आणि मग तो असा सुटला की राजा वेशीतून आत आला, नगरी भेटली, राणी भेटली. गोपीनाथ ओवीमागून ओवी म्हणत गेला, माझ्यासाठी थांबायचं विसरून. मीही त्याला थांबवलं नाही. मी डोळे पुसत बसलो होतो. सात वाजेपर्यंत मी एकाही ओवीचा अर्थ सांगितला नाही, आणि हौसामावशींनीही तो विचारला नाही.